न, ण आणि आठ नंबरचा बॉल

जगात उपदेशाची वानवा नाही. आणि सगळ्या उपदेशांत स्वस्त उपदेश म्हणजे ‘जरा विचार करून कर’. शाळेत गुरुजींनी तो केला, घरी वडिलांनी केला, एस. टी.त शेजारी बसलेल्या, माझं नावही ठाऊक नसलेल्या गृहस्थांनीसुद्धा केला. अकरावीला कोणती शाखा घ्यावी इथपासून चप्पल कोणत्या दुकानातून घ्यावी इथपर्यंत हा उपदेश सगळीकडे चालतो. मी तो मनावर घेतला. इतका, की सकाळी कोणता शर्ट घालावा याचासुद्धा मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. (शर्ट दोनच आहेत म्हणून बरं!) ‘आता विचार थांबव’ असं सांगणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला, आणि तो भेटला बारामतीत, पूलच्या टेबलापाशी.

या ‘पूल’ शब्दानं आमच्या घरी बराच घोटाळा केला. मी पूल खेळतो असं सांगितल्यावर आईनं विचारलं, “कंचा पूल? कऱ्हंवरचा का कालव्यावरचा?” बारामतीत कऱ्हा नदी आहे, नीरा डावा कालवा आहे, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. ज्या वाचकांची अवस्था आईसारखी असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कापडानं मढवलेलं एक मोठं टेबल, त्याला सहा खिसे, पंधरा रंगीत बॉल आणि एक पांढरा. काठीनं मारायचं ते फक्त पांढऱ्याला. पांढऱ्यानं दुसऱ्याला ढकलायचं आणि त्या दुसऱ्यानं खिशात जायचं. एक ते सात नंबरचे बॉल सबंध रंगाचे, नऊ ते पंधरा पट्ट्यांचे. एका गड्याचे हे सात, दुसऱ्याचे ते सात. आपले सात संपले की मग काळा, आठ नंबरचा. तो ज्यानं घातला तो जिंकला. आणि सात संपायच्या आत तो खिशात गेला तर घालणारा तिथंच हरला. बिलियर्ड्‌स आणि स्नूकर ही याच घराण्यातली भावंडं.

आमच्याकडचा खेळ मात्र कॅरम. माझं गाव इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या जवळ. गणपतीच्या मांडवामागच्या खोलीत मंडळाचा बोर्ड असतो. वर पत्र्याच्या टोपीतला बल्ब इतका खाली सोडलेला, की भोवती उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे अंधारात आणि सोंगट्या मात्र भर दुपारी असल्यासारख्या. बोरिक पावडरीचा वास, दहा-बारा डोकी, आणि हरला तो उठला. माझे थोरले चुलते, तात्या, हे तिथले जुने खेळाडू. तात्या खेळताना उसाच्या बिलाबद्दल बोलत असतात. मध्येच कुणाच्या मोटरीचा वायर कुणी तोडला याची चौकशी करतात, आणि वाक्य न तोडता टिचकी मारतात. राणी खड्ड्यात! “तात्या, कट केवढा घेतला?” असं विचारलं तर म्हणतात, “त्यो बसला की!” याहून अधिक तपशील त्यांच्यापाशी नाही. सहावीपासून मीही त्या बोर्डावर तसाच खेळत आलो. बोट आपसूक सुटायचं.

कॅरमच्या नियमांत एक शहाणपण आहे, त्याची किंमत मला बारामतीला आल्यावर कळली. आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशन १९८८ साली मद्रासला स्थापन झालं. त्यांच्या नियमांप्रमाणे एका फटक्याला खेळाडूला १५ सेकंद मिळतात. पंधरा सेकंदांत माणूस सोंगटी पाहू शकतो, स्ट्रायकर रेषेवर ठेवू शकतो, नेम धरू शकतो; पण आपल्या घराण्याच्या अब्रूचा विचार करायला तेवढा वेळ पुरत नाही. शिवाय गावात पंधरा सेकंद देतो कोण? पाच झाले की मागून आवाज, “मार की! मुहूर्त काढतुयास व्हय?”

पूलच्या टेबलावर असं ओरडणारं कुणी नसतं. आम्ही जिथं खेळतो ती खोली एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे, आणि दवाखान्यात असावी तशी तिथं शांतता असते. बॉल हलत नाही. तो तुमची वाट बघत बसतो. कबड्डीत समोरचा अंगावर येतो, क्रिकेटमध्ये चेंडू येतो, विटीदांडूत विटी उडते. तिथं विचार करायला सवडच नाही, अंग जे करायचं ते करून मोकळं होतं. इथं सगळं थांबलेलं. मला वाटतं, खेळ जितका थांबलेला तितकं मन अधिक धावतं. समोर पळणारं काही नसलं की ते स्वतःच्याच मागं लागतं.

सुरुवातीचे काही महिने या धावण्यानं माझं काही बिघडलं नाही, उलट भलं झालं. काठी कशी धरायची, डाव्या हाताच्या बोटांची खाच कशी करायची, कोपर किती वर ठेवायचं हे एकेक ध्यानात धरूनच शिकावं लागलं. पांढऱ्यानं दुसऱ्या बॉलला नेमकं कुठं भेटायचं, हे मी मनातल्या मनात तिथं एक खोटा बॉल ठेवून शिकलो. भूमितीसुद्धा थोडी कामाला आली. वर्तुळ आणि स्पर्शिका यांचा दहावीत जो राग यायचा, तो निम्म्यानं उतरला. मोबाईलवर पूल शिकवणारे व्हिडिओ असतात, तेही रात्री पाहू लागलो. मी सुधारत गेलो. सरळ बॉल जायला लागले, तिरपेही जायला लागले.

आणि मग, येऊ लागलं तेव्हा, ते जायला लागलं!

म्हणजे असं व्हायचं. सोपा बॉल. खिसा समोर. मी वाकतो. वाकल्यावर आत एक सभा भरते. एक म्हणतो, कोपर बाहेर जातंय. दुसरा म्हणतो, हनुवटी काठीला लागली पाहिजे, व्हिडिओत सांगितलंय. तिसरा म्हणतो, पांढरा पाठोपाठ खिशात गेला तर? चौथा कोपऱ्यात बसलेला असतो, तो हिशेबनीस. तो म्हणतो, हा गेला नाही तर टेबलाचे पैसे कोण देणार आहे? आमच्याकडे हरेल त्यानं टेबलाचे पैसे द्यायचे असा रिवाज आहे. माझ्या खिशात परतीचं भाडं आणि एका वडापावाची सोय एवढंच असतं. त्यामुळे सातव्या बॉलवर वाकलं की मला खिशाच्या जागी वडापाव दिसायला लागतो. सभेत ठराव काही पास होत नाही, आणि हात तर मागं गेलेला असतो. मग हात काहीतरी करतो. ते ना धड माझं असतं, ना धड त्याचं.

आता यावर कुणी म्हणेल, खेळच बारीक आहे, चुकणारच. खेळ बारीक आहे हे खरं. मी एकदा वहीत गणित मांडून पाहिलं. पांढऱ्यापासून दुसरा बॉल दीड मीटर लांब असेल आणि पांढरा फक्त एक अंशानं तिरपा गेला, तर तिथं पोचेपर्यंत तो २६ मिलिमीटर सरकतो. बॉलचा व्यास ५७ मिलिमीटर. म्हणजे एका अंशात जवळजवळ अर्ध्या बॉलचा फरक. हे गणित करून मला वाटलं होतं की आता जपून मारता येईल. पण एक अंश माणसाच्या डोक्याला कळतच नाही. तो मनगटाला कळतो, तोही मनगटाला कुणी काही विचारलं नाही तर.

तिथं रोज येणारे एक गृहस्थ आहेत. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर आहेत. सगळे त्यांना फिटरच म्हणतात, मी दादा म्हणतो. ते मला ‘कॉलेज’ म्हणतात. एके दिवशी माझा सोपा बॉल हुकल्यावर ते खुर्चीतून म्हणाले, “ए कॉलेज, वाकल्यावर तिथं काय दळण दळतोस?”

“नेम बघत होतो, दादा.”

“नेम उभ्यानं बघायचा. वाकलास की गिरणी बंद.”

“आणि वाकल्यावर शंका आली तर?”

“तर उठायचं. खडू लावायचा, परत उभ्यानं बघायचं. शंका पोटात ठेवून मारायचं नाही.”

त्यानंतर मी माझ्या फटक्यांपेक्षा त्यांचंच खेळणं जास्त पाहिलं. मला आधी वाटायचं, हे माणूस न बघता मारतात. तसं मुळीच नाही. ते टेबलाभोवती फिरतात. हा बॉल घातला तर पांढरा कुठं थांबेल, तिथून पुढचा कोणता, त्याच्या पुढचा कोणता, हे सगळं ते उभ्यानं पाहतात. पांढऱ्याच्या खालच्या अंगाला मारलं की तो मागं येतो, वरच्या अंगाला मारलं की पुढं जातो. काय करायचं हेही उभ्यानंच ठरतं. खडू लावतात, काठीच्या टोकावर हळूच फुंकर घालतात. मग वाकतात. काठी तीनदा मागंपुढं होते आणि चौथ्या वेळेला मारतात. नेहमी तीनदाच. घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. एकदा मी पाहिलं, वाकल्यावर ते तिसऱ्या वेळी थांबले, उठले आणि सबंध टेबलाला वळसा घालून परत आले. ‘गिरणी बंद’ हा त्यांचा नुसता तोंडी उपदेश नाही तर. दळायचं ते सगळं त्यांनी आधीच दळून ठेवलेलं असतं.

हा प्रकार मी आमच्या मानसशास्त्राच्या सरांना सांगितला. मला वाटलं होतं, पूल खेळतोस म्हणून बोलणी बसतील. पण सरांनी पुढचा सबंध तास याच विषयावर घेतला. रॉय बॉमायस्टर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८४ साली या गोष्टीवर लिहिलं. दडपण आलं की माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःच्या करण्यावर जातं आणि सरावानं बसलेली गोष्ट विस्कटते, असं त्याचं म्हणणं. त्यानं एक प्रयोग व्हिडिओ गेमच्या दुकानात केला. चांगल्या खेळणाऱ्यांना सांगितलं की आता उत्तम खेळलात तर एक डाव फुकट. तर त्यांचा खेळ उतरला! फुकटाचा डाव काय आणि आमचा टेबलाचा रिवाज काय, जात एकच.

दुसरा प्रयोग मला अधिक आवडला. सियान बायलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी तो २००२ साली प्रसिद्ध केला. फुटबॉल खेळणाऱ्यांना त्यांनी खांबांमधून चेंडू पायानं ढकलत न्यायला लावलं आणि मध्येमध्ये विचारलं, आता चेंडूला पायाची कोणती बाजू लागली? मुरलेले खेळाडू नेहमीच्या उजव्या पायानं खेळताना या प्रश्नानं मंदावले. पण त्याच खेळाडूंना डाव्या पायानं खेळायला लावलं, तर प्रश्नानं त्यांचा फायदा झाला. नवशिक्यांचाही झाला. याचा अर्थ, शिकताना पायाकडे पाहावं लागतं आणि शिकून झालं की पाहिलेलं पायाला सोसत नाही. माझं येऊ लागल्यावर का जायला लागलं, याचं उत्तर मला त्या तासाला मिळालं. बाकीच्यांना त्या तासाला हजेरी मिळाली.

प्रयोगाचं मी घरी येऊन आईला सांगितलं नाही. पण प्रयोग तिच्यावर केला. आमच्याकडे पानमळे फार. आई पानं खुडायला आणि लावायला जाते. पानं एकावर एक, देठ एका अंगाला, अशी चळत तिच्या हाताखाली तयार होत जाते; तोंडानं शेजारणीशी गप्पा चालू, आणि मोजणी कधी चुकत नाही. मी शेजारी बसून विचारलं, “आई, तू मोजतेस कशी? दोन दोन धरतेस का पाच पाच?” तिचा हात थांबला. पानाकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “गप की रं! घालवलीस बघ मोजणी.” आणि चळत पहिल्यापासून लावली.

सराव झालेल्यांचं असं होतं, तर मोठमोठ्यांचं होत नसेल का? होतं. १९८५ सालचा स्नूकरचा जागतिक अंतिम सामना इंग्लंडमध्ये शेफील्डला झाला. स्टीव्ह डेव्हिस त्या वेळचा जगज्जेता, १९८१, १९८३ आणि १९८४ अशी तीन अजिंक्यपदं त्याच्या नावावर. समोर डेनिस टेलर. डेव्हिस ८-० असा पुढं होता. टेलर हळूहळू वर आला, १७-१७ झालं आणि शेवटच्या डावात टेबलावर एकच काळा बॉल उरला. तो ज्याचा, त्याचं अजिंक्यपद. मध्यरात्र उलटलेली, ब्रिटनमध्ये जवळजवळ एक कोट पंच्याऐंशी लाख माणसं टी. व्ही.समोर जागी. त्या एका काळ्यावर दोघांचेही फटके हुकले. शेवटी डेव्हिसच्या वाट्याला काळा असा आला की थोडा बारीक कापून मारला की खिशात. असे बॉल त्यानं सरावात किती घातले असतील त्याला गणती नसेल. तो त्यानं जास्त कापला. टेलरनं पुढच्या फटक्याला काळा घातला आणि सबंध सामन्यात तो पहिल्यांदाच पुढं गेला, तेव्हा सामना संपलेला होता. या सामन्याची चित्रफीत मी मोबाईलवर तीनदा पाहिली. डेव्हिसच्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते त्याचं त्यालाच माहीत. पण मारायच्या आधीचा त्याचा चेहरा पाहून मला आमच्या खोलीतले दहा जण आठवले, आणि जगज्जेत्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

तसं या खेळाशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यातला. १९५८ साली कलकत्त्याला ते बिलियर्ड्‌सचे हौशी जगज्जेते झाले, आणि स्वतंत्र भारताला कोणत्याही खेळात मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मानलं जातं. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवलं. बिलियर्ड्‌स आणि स्नूकर मिळून पंचवीसहून अधिक जागतिक किताब मिळवणारे पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचेच, १९८५ सालचे. आमच्या पूलच्या खोलीत या दोघांचा फोटो नाही, एका मोटारीचा आहे. असो.

बिलियर्ड्‌सबद्दल वाचताना मला त्यातली खुर्ची महत्त्वाची वाटली. या खेळात गुण मिळत आहेत तोवर खेळणारा टेबल सोडत नाही. एकेका पाळीत शेकडो गुण करणारे खेळाडू असतात. तेवढा वेळ समोरच्यानं काय करायचं? खुर्चीत बसायचं. पाणी प्यायचं. आपली पाळी आली की काय होईल, याचं दळण दळायचं. हरणारा बहुधा टेबलाशी हरत नाही, आधी खुर्चीत हरून येतो. पाळी येते तेव्हा तो उठून टेबलापाशी जातो खरा. पण त्याच्याबरोबर ती खुर्चीही येते.

खुर्चीचा हा विचार करता करता मी आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावर येऊन पोचलो, आणि खरं सांगायचं तर एवढं सगळं लिहायचं कारण तेच आहे.

आमच्या घरी पानी पितात, कॉलेजात पाणी पितात. तहान सारखीच भागते. पण ‘न’ आणि ‘ण’ यांच्यामध्ये किती मोठी दरी आहे हे कॉलेजात आल्याशिवाय कळत नाही. प्रथम वर्षाला प्रत्येकानं वर्गापुढं पाच मिनिटं बोलायचं होतं. मी भाषण लिहून काढलं आणि त्यातल्या प्रत्येक ‘ण’खाली लाल पेनानं रेघ मारली. रात्री पाठ केलं, सकाळी गाडीत पाठ केलं. उभा राहिलो. एकही ‘ण’ सुटू दिला नाही! फक्त त्यांच्या नादानं जिथं ‘न’ होता तिथंही ‘ण’ येऊन बसला. जीवनाचं जीवण झालं, अनेकांचं अणेक झालं, मनाचं मण झालं. मागून कुणीतरी विचारलं, “किती मणाचं?” कोटी चांगली होती, दुसऱ्या कुणावर केली असती तर मीही हसलो असतो. वर्ग हसला आणि पुढच्याचा नंबर आला.

घरी मी जन्मल्यापासून बोलतोय. बांधावरून भांडतो, मंडळाच्या मांडवात लिलावाची बोली पुकारतो, तात्यांची नक्कल करतो. तिथं मला कोणत्या बाजूनं पाय लागला असं कुणी विचारत नाही. वर्गात उभं राहिलं की मीच मला विचारत राहतो.

हे माझ्या एकट्याचं असतं तर लिहिण्यात अर्थ नव्हता. पण मागच्या दोन बाकांवर आम्ही आठ जण आहोत, इंदापूर तालुक्यातले आणि त्याच्या शेजारचे. दोन वर्षांत यातला एकही आपणहून उठून बोललेला नाही. यांना येत नाही असं जर कुणी म्हणालं तर मी भांडेन. कॉलेज सुटल्यावर यांच्याबरोबर इंदापूरच्या गाडीत बसून पाहा. भवानीनगरपर्यंत जरा दबकून; सणसर गेलं की तोंडं सुटतात, आणि बेलवाडीच्या पुढं कंडक्टरला सांगावं लागतं, “पोरांनो, हळू! ड्रायव्हरला हॉर्न ऐकू यीना.” आठांतला एक ऊसतोडणीच्या टोळीचा हिशेब असा समजावून सांगतो, की उचल, तोडणीचा दर, मुकादमाचा वाटा हे सगळं अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा स्वच्छ कळतं. तोच मुलगा अर्थशास्त्राच्या तासाला नाव पुकारलं तर उभा राहतो, ओठ हलवतो आणि बसतो. त्याला उत्तर येत असतं. पण उठेपर्यंत त्याची सभा भरलेली असते. उद्या हे आठही जण कुठल्या ना कुठल्या मुलाखतीला बसणार आहेत. समोर तीन माणसं, मध्ये टेबल, आणि टेबल पुन्हा थांबलेलं.

फिटरदादांचा उपाय इथं चालतो का, हे मी पाहतोय. निम्मा चालतो. वर्गात फक्त तो उलटा करावा लागतो: बसून दळायचं आणि उभं राहिलं की गिरणी बंद. काय सांगायचं आहे, पहिलं वाक्य कोणतं, शेवटी कुठं थांबायचं एवढं बसल्याबसल्या ठरवायचं. उठल्यावर समोरच्या एका माणसाला ते सांगायचं, जसं तात्यांना सांगतो तसं. अर्थशास्त्राच्या तासाला दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा दीड मिनिट बोललो, दुसऱ्यांदा तीन. किती ‘ण’ सुटले ते मोजलं नाही.

पण निम्माच चालतो, हेही सांगितलं पाहिजे. आठ नंबरच्या बॉलला माझं गाव माहीत नसतं. तो हुकला तर हसत नाही, गेला तर टाळ्या वाजवत नाही. वर्गात ऐकणारी माणसं असतात, आणि गिरणी त्यांच्याही डोक्यात चालू असते. मी काय सांगतोय याच्याऐवजी कोणत्या ‘न’नं सांगतोय हेच जो मोजत बसतो, त्याच्यासमोर फिटरदादांनासुद्धा घाम फुटेल. तो भाग माझ्या हातातला नाही. एवढंच सुचवतो, की ‘पानी’ ऐकून लगेच हसू आलं तर पाच सेकंद थांबावं. बोलणारा कदाचित पुढच्याच वाक्यात कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल असं काही सांगेल, जे हसणाऱ्याला माहीत नसेल.

पूलच्या बाबतीत मात्र माझी प्रगती बरी आहे. सात बॉल आता बरेचदा जातात. आठव्यावर अजूनही सभा भरते, फक्त मी वाकून बसत नाही. उठतो, खडू लावतो, परत येतो. कधी कधी दोनदा उठतो. फिटरदादा खुर्चीतून म्हणतात, “खडू संपव सगळा.” गेल्या महिन्यात टेबलाचे पैसे त्यांना दोनदा द्यावे लागले. दुसऱ्यांदा देताना त्यांनी पाकीट काढायला जरा वेळ लावला.

मानसशास्त्राच्या सेमिनारसाठी सरांनी विषय मागितले आहेत. मी हाच दिला आहे. टिपणं तयार आहेत, लाल पेन वापरलेलं नाही. मागच्या बाकावरून आणखी दोन नावं गेली आहेत. त्यातला एक विषय ऊसतोडणीच्या टोळीवर आहे, आणि तो विषय मानसशास्त्राचा कसा, असं सरांनी विचारल्यावर तो मुलगा जागेवर उभा राहून सांगायला लागला. तास संपल्याची घंटा झाली तरी सांगतच होता.